शिष्यवृत्ती : बक्षीस, मदत की हक्क?

मागच्या व्याख्यानात आपण ‘संधीची समानता’ या कल्पनेची तपासणी केली. शेवटी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं होतं, “सर, तत्त्वज्ञानात हे सगळं ठीक आहे, पण गरिबाच्या पोराला शाळेत ही समानता दिसते कुठे?” प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण तत्त्वाकडून उदाहरणाकडे न येता उलट जाऊ. सगळ्यांच्या ओळखीची एक गोष्ट घेऊ, ती म्हणजे शिष्यवृत्ती. ती मिळाल्यानं मुलाच्या शालेय आयुष्यात नेमकं काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे पाहू.

सुरुवात शब्दापासून करू. तत्त्वज्ञानाच्या माणसाची ही खोड आहे, चालवून घ्या. ‘वृत्ती’ म्हटलं की आज आपल्याला मनाची वृत्ती आठवते. पण संस्कृतात आणि जुन्या मराठीतही वृत्ती म्हणजे उपजीविका, पोटापाण्याची बांधलेली सोय. गावच्या जोशाची वृत्ती असे, उपाध्यायाची असे. ती कोणी खूश होऊन दिलेली बक्षिसी नव्हती; दर साल मिळणार हे ठरलेलं असे. या अर्थानं शिष्यवृत्ती म्हणजे शिष्याची उपजीविका. शिकणारा शिकत असताना जगेल कसा, याची आगाऊ केलेली तजवीज.

आता आपल्या घरांत हा शब्द कसा वापरतात बघा. “आमच्या नातवाला स्कॉलरशिप मिळाली” असं आपण पेढे देताना म्हणतो, तेव्हा आपल्या डोक्यात बक्षीस असतं. १९५४-५५ पासून महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षा आहे. आमच्या पिढीला ती चौथीला आणि सातवीला असे, पुढे पाचवीला आणि आठवीला झाली. तिच्यातली रक्कम कोणाच्या लक्षात राहत नाही, यादीतलं नाव राहतं. दुसरीकडे समाजकल्याण खात्याकडून, आदिवासी विकास विभागाकडून मिळणारी शिष्यवृत्ती. तिथे पेढे नाहीत. तिथे उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि सेतू केंद्रासमोरची रांग आहे. शब्द एकच, पण कल्पना दोन. आणि आमचं आजचं म्हणणं असं की, या दोन्हींत शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे आगाऊ ठरलेली सोय, हरवत चालला आहे. तो अर्थ जिथे शाबूत राहतो तिथे शिष्यवृत्ती मुलाचं शालेय आयुष्य बदलते. जिथे तो सुटतो तिथे पैसा खर्च होतो, पण बदल फार कमी होतो.

विहीर आणि दोर

एक साधं चित्र डोळ्यांपुढे आणू. गावात विहीर आहे आणि ती सगळ्यांना खुली आहे. फक्त दोर आणि बादली ज्याची त्यानं आणायची. ज्याच्याकडे दोर नाही, त्याला ही विहीर खुली आहे का? कायद्यानं आहे. तहान मात्र भागत नाही.

आपली शाळा ही अशीच विहीर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पण फी माफ झाली म्हणजे शिकण्याचा खर्च संपला असं नाही. वह्या, जाण्यायेण्याचं भाडं, आठवीनंतर गाव सोडावं लागलं तर राहणं-जेवण, हे सगळं उरतंच. आणि सगळ्यांत मोठा खर्च वहीत कुठेच मांडला जात नाही. मूल शाळेत बसतं तेव्हा ते जी मजुरी करू शकलं असतं, ती बुडते.

आपल्या विदर्भात हे समजायला अर्थशास्त्राचं पुस्तक उघडायची गरज नाही. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की यवतमाळ-वर्ध्याच्या खेड्यांत वर्गातली काही बाकं रिकामी व्हायला लागतात. वेचणीची मजुरी किलोवर असते आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरीचे हात आईच्या हातांइतकेच चालतात. त्या घरात कोणी शिक्षणाच्या विरोधात नसतं. घराचा हिशेब फक्त आठवड्याचा असतो आणि शिक्षणाचं फळ दहा वर्षांनी येतं. शिष्यवृत्ती या दोन हिशेबांच्या मध्ये उभी राहते. लांबच्या फळाचा थोडा भाग ती आजच्या आठवड्यात आणून ठेवते.

म्हणून कोणतीही शिष्यवृत्ती पाहिली की आपण चार प्रश्न विचारायचे. कोणाला? किती? केव्हा? आणि कोणत्या नावानं?

कोणाला?

पहिला प्रश्न सर्वांत जुना आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात सरकारी शिष्यवृत्त्यांचाही विचार आहे. त्याचा आशय असा : शिष्यवृत्त्या केवळ चढाओढीनं दिल्यानं मुलांत ईर्षा वाढेल, पण ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही तिथे त्यामुळे ते पोचणार नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी ठेवाव्यात. या मांडणीला आता १४० वर्षं उलटून गेली आहेत आणि आजही वाद तिथेच आहे. गुणवत्तेला द्यायची की गरजेला?

जोतीरावांच्या म्हणण्यातलं तर्कशास्त्र नीट बघा. गुणवत्तेला त्यांचा विरोध नाही. ते विचारतात ते असं की, ज्या शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेपर्यंतच काहींना येता येत नाही, त्या शर्यतीचा निकाल गुणवत्तेचं मोजमाप कसा म्हणायचा? ज्या घरात दिवा आहे, शिकलेली आई आहे, त्या घरातलं मूल चढाओढीत पुढे जाणारच. त्याला शिष्यवृत्ती देऊन आपण जे आधीच घडलं आहे त्याची पोच देतो. नवं काही घडवत नाही.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे, आणि त्यासाठी आपण आफ्रिकेत जाऊ. कारण याच प्रश्नांचा तिथे गेल्या पंचवीस वर्षांत फार काळजीपूर्वक अभ्यास झाला आहे. केनियाच्या पश्चिमेला बुसिया नावाचा जिल्हा आहे. २००१ च्या सुमारास तिथे सहावीतल्या मुलींसाठी एक शिष्यवृत्ती सुरू झाली. परीक्षेत वरच्या १५ टक्क्यांत येणाऱ्या मुलींना पुढची दोन वर्षं फीचे पैसे आणि घरी थोडी रक्कम मिळायची. म्हणजे शुद्ध चढाओढ. मायकेल क्रेमर, एडवर्ड मिगेल आणि रेबेका थॉर्नटन या अभ्यासकांनी तिचा परिणाम तपासला. बुसियात मुलींचे गुण वाढले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या मुलींना शिष्यवृत्ती मिळण्याची फारशी आशा नव्हती, त्यांच्याही अभ्यासात सुधारणा दिसली. शिक्षकांची हजेरी सुधारली. एका मुलीसाठी ठेवलेल्या रकमेनं सगळ्या वर्गाचं वातावरण थोडं बदललं.

मग जोतीराव चुकले का? तसं नाही. बुसियातली ही चढाओढ ग्रामीण, गरीब शाळांतल्या मुलींची आपसातली होती. शहरातल्या सुखवस्तू मुलांशी त्यांची शर्यत लावलेली नव्हती. म्हणजे आधी रेषा समान केली आणि मग पळायला सांगितलं. आपल्याकडची एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती, साधारण याच विचारानं उभी आहे. आठवीतल्या मुलांची परीक्षा होते, पण सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्याच मुलांना बसता येतं आणि घरच्या उत्पन्नावर मर्यादा आहे. देशभरात वर्षाला १ लाख शिष्यवृत्त्या, त्यांतल्या ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याला. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला हजार.

याच्या शेजारी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती ठेवून बघा. पाचवी ते सातवीतल्या अनुसूचित जातीच्या मुलीला महिन्याला ६० रुपये, आठवी ते दहावीतलीला १०० रुपये, दहा महिन्यांसाठी. तिथे गुणांची अट नाही, उत्पन्नाची अट नाही. मुलगी शाळेत येते एवढं पुरे. ‘कोणाला’ या प्रश्नाचं हे उत्तर जोतीरावांच्या उत्तराच्या फार जवळचं आहे. पण इथेच आपला दुसरा प्रश्न उभा राहतो.

किती?

६० रुपयांत आज काय येतं? दोन वह्या आणि एक पेन. दोर आहे, पण पाण्याच्या वर दोन हात लोंबतो आहे. असा दोर असून नसून सारखाच, असं कोणी म्हणेल. आम्ही इतकं कठोर होणार नाही. पाचवीतल्या मुलीच्या नावानं शाळेत काही रक्कम येते, त्यासाठी तिचं बँकेत खातं उघडावं लागतं, आईला शाळेत यावं लागतं, याचंही काही मोल आहे. पण वेचणीच्या एका दिवसाच्या मजुरीपुढे महिन्याचे ६० रुपये ठेवले तर घरचा हिशेब बदलत नाही, हे उघड आहे.

पुरेशी रक्कम मिळाली तर काय होतं, याचं उदाहरण पुन्हा आफ्रिकेतलं, घानामधलं. २००८ मध्ये तिथे २,०६४ मुलामुलींची यादी होती. सगळ्यांना माध्यमिक शाळेत प्रवेश मिळालेला होता, पण फी भरता न आल्यामुळे कोणी दाखल झालेलं नव्हतं. त्यांच्यातून सोडत काढून ६८२ जणांना पूर्ण फी देणारी शिष्यवृत्ती दिली गेली. एका वर्षाची नाही, संपूर्ण माध्यमिक शिक्षणाची. एस्थर ड्युफ्लो, पास्कलिन ड्युपा आणि क्रेमर यांनी या सगळ्या मुलांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला. ज्यांना शिष्यवृत्ती लागली त्यांच्यात माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २६ टक्क्यांच्या फरकानं जास्त निघालं. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसली. त्यांचं पहिलं मूल उशिरा झालं. शाळेची फी भरली आणि बाळंतपणाचं वय पुढे गेलं, म्हणजे शिष्यवृत्तीचा परिणाम शाळेच्या फाटकाबाहेर किती लांब जातो ते बघा.

या प्रयोगात सोडत का काढली, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं. सगळी मुलं सारखीच पात्र होती. चिठ्ठीनं ज्यांना मिळाली त्यांच्यात आणि ज्यांना मिळाली नाही त्यांच्यात शिष्यवृत्तीशिवाय दुसरा फरक नव्हता. त्यामुळे “ती मुलं मुळातच हुशार होती हो” हे आपलं आवडतं स्पष्टीकरण तिथे चालत नाही.

आता ‘किती’चा हिशेब नागपूरला लावून बघू. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून बारावी झालेली मुलं इथे येतात. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत फीची भरपाई असते आणि शिवाय निर्वाह भत्ता असतो. हा भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ४,००० ते १३,५०० रुपये आणि घरून जाणाऱ्याला २,५०० ते ७,००० रुपये. वर्षाला, महिन्याला नाही. नागपुरात खानावळीचा डबा लावून कोणीही गणित करावं. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर प्रश्न सुटतो, पण जागा मोजक्या असतात. म्हणून २०१६-१७ पासून राज्यानं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला नागपूर, पुणे, मुंबईसारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर ‘स्वयं’ योजना आहे. ही रक्कम दोन पोरांनी मिळून केलेल्या रूमच्या भाड्याला आणि डब्याला बऱ्यापैकी पुरते. म्हणजे दोर पाण्यापर्यंत पोचला. आता तिसरा प्रश्न.

केव्हा?

हा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि याच्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

विहिरीच्या काठी तहानलेला माणूस उभा आहे. त्याला दोर मंजूर झाला आहे, पण तो संध्याकाळी येणार आहे. दिवसभर तो काय करील? कोणाचा तरी दोर उसना घेईल, नाहीतर निघून जाईल. संध्याकाळी दोर आला की नोंदवहीत ‘लाभ दिला’ असं लिहिलं जाईल. नोंद खोटी नसेल, पण माणूस तिथे नसेल.

खर्च जून-जुलैत असतो. प्रवेश, रूमची अनामत, पहिल्या महिन्याचा डबा, पुस्तकं, सगळं एकदम. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तो प्रवेशानंतर. मग महाडीबीटीच्या पोर्टलवर कागद चढवायचे. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, चालू वर्षाचा. बँक खातं आधारशी जोडलेलं. मग महाविद्यालयाची छाननी, मग जिल्ह्याच्या कार्यालयाची. नावातलं एक अक्षर आधारवर वेगळं असेल तर अर्ज परत. २०२१-२२ पासून अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा ठरला, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. हेतू चांगला आहे. मधली गळती थांबावी आणि पैसा ज्याचा त्याच्या हाती जावा. पण दोन वाटे दोन वेळी आले की विद्यार्थ्याला दोनदा वाट पाहावी लागते. आणि फी पाहिजे असलेला लिपिक कोणत्याच वाट्याची वाट पाहायला तयार नसतो.

आम्ही तीस-पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. वर्षाच्या मध्यावर गळणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. त्यांतली बरीचशी अभ्यासात मागे नव्हती. ती गळली ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, शिष्यवृत्ती मंजूर होण्याच्या आणि हाती येण्याच्या मधल्या काळात. काहींनी रात्री पेट्रोल पंपावर काम धरलं आणि सकाळच्या तासाला ती डुलक्या घेऊ लागली. काहींनी गावच्या सावकाराकडून पैसे उचलले. पुढे शिष्यवृत्ती आली ती व्याजात गेली. कागदावर त्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली. पण ती वृत्ती नव्हती. झालेल्या खर्चाची ती उशिरा मिळालेली भरपाई होती. ज्याच्याकडे आधी खर्च करायला काही होतं त्यालाच भरपाईचा उपयोग. ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो तोवर गावी परतलेला असतो.

‘केव्हा’चा आणखी एक अर्थ आहे, कुठपर्यंत. बाबासाहेबांचं उदाहरण आपल्याला पाठ आहे, पण ते या दृष्टीनं वाचत नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी त्यांना एल्फिन्स्टन कॉलेजात असताना दरमहा २५ रुपये दिले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले. त्या तीन वर्षांचं सोनं झालं, हे जगाला माहीत आहे. पण मुदत संपली तेव्हा बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते. अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडलं, तेही सिडनॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या जोरावर. ज्यांच्या बुद्धीबद्दल कोणालाच शंका नाही, त्यांचीही तीन वर्षं मुदत संपल्यामुळे गेली. तिथे सामान्य बुद्धीच्या पोराचं काय होत असेल, याचा विचार करा.

घानाच्या प्रयोगात फीची हमी पूर्ण शिक्षणभर होती, हे आता पुन्हा आठवा. त्या मुलांना पहिल्याच दिवशी माहीत होतं की पुढच्या वर्षी नाव कटणार नाही. ज्याला उद्याची खात्री असते तो वेगळा अभ्यास करतो. तो अवघड विषय घ्यायला धजतो. नाहीतर आपली गरीब घरातली हुशार मुलं लवकर संपणारा, स्वस्त अभ्यासक्रम निवडतात आणि आपण म्हणतो, त्यांची आवडच तशी.

कोणत्या नावानं?

चौथा प्रश्न नागपूरकरांनी तरी विसरू नये. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयपुढे अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडताना उच्च शिक्षणासाठी मदत मागितली होती, त्या मागणीचं हे फळ. मग १४ ऑक्टोबर १९५६ आला. याच शहरात लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीची व्याख्या धर्माशी बांधलेली असल्यामुळे, दीक्षा घेतलेल्या घरातली मुलं केंद्राच्या सवलतींच्या बाहेर गेली.

त्या काळातल्या कॉलेजच्या पोरापुढे अर्ज आहे. धर्माच्या रकान्यात खरं लिहिलं तर वर्षाची सोय जाते; सोय राखायची तर ज्या नावाचा त्याग केला तेच पुन्हा लिहावं लागतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला हा प्रश्न कोणत्याही तत्त्वज्ञानाच्या पेपरापेक्षा अवघड होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यानं नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्रानं बौद्धांना अनुसूचित जातींच्या व्याख्येत घेतलं ते १९९० मध्ये. चौतीस वर्षं लागली. दरम्यान किती मुलांनी काय लिहिलं आणि काय सोसलं, ते त्या त्या घरांना माहीत.

नावाचा हा प्रश्न आजही वर्गात येतो, वेगळ्या रूपात. “शिष्यवृत्तीवाले उभे राहा” असं मोठ्यानं म्हणून यादी वाचणारे वर्ग आम्ही पाहिले आहेत. म्हणणाऱ्याच्या मनात काही नसतं, त्याला फक्त सह्या घ्यायच्या असतात. पण उभं राहणाऱ्या मुलाला तेवढ्यात कळतं की आपण इथे बाकीच्यांसारखे नाही. काही मुलं त्यापेक्षा अर्जच भरत नाहीत. आणि त्याच शाळेत परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाचा मात्र गॅदरिंगमध्ये नारळ देऊन सत्कार होतो. एकच शब्द एकाला मान देतो आणि दुसऱ्याला मान खाली घालायला लावतो.

पैसा सगळं करत नाही, हेही इथेच म्हटलं पाहिजे. बाबासाहेब १९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. विद्या होती, पद होतं, छप्पर नव्हतं. म्हणून शाहू महाराजांनी कोल्हापुरात शिष्यवृत्तीबरोबर वसतिगृहं उभी केली. १९०८ मधलं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग त्यांपैकीच. वसतिगृहात मुलाला जेवण मिळतं, तसंच आपल्यासारखे आणखी चाळीस जण शिकताहेत हे दिसतं. घरात पहिल्यांदाच कोणी शिकत असेल तर हे दिसण्याची फार गरज असते.

मग बक्षीस, मदत की हक्क?

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. बक्षीस झालेल्या कामाबद्दल मिळतं. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, तो कमी देईल, उशिरा देईल, तरी घेणाऱ्यानं आभार मानायचे. हक्काचं तसं नाही. हक्क म्हटला की रक्कम, वेळ आणि मुदत आधी ठरते, आणि ती चुकली तर जाब विचारता येतो.

काही श्रोते म्हणतील, सगळं हक्क म्हणून द्यायला सरकारकडे पैसा कुठून येणार? आक्षेप खरा आहे. पण आपण पाहिलेल्या चार प्रश्नांपैकी दोन, केव्हा आणि कोणत्या नावानं, यांची उत्तरं सुधारायला फार पैसा लागत नाही. तेच ६०,००० रुपये जुलैत आले काय आणि पुढच्या मार्चमध्ये आले काय, तिजोरीतून जाणारी रक्कम तीच आहे. मुलाच्या बाजूनं मात्र त्यात एका शैक्षणिक वर्षाचा फरक आहे. राज्यानं २०२४ मध्ये मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण फीमाफीचा निर्णय घेतला. त्याचा एक गुण असा की, प्रवेशाच्या वेळी मुलीच्या बापाला आधी पैसे भरून मग परत मागायचे नाहीत, अशी त्यामागची भूमिका आहे. हेच तत्त्व राहण्या-जेवणाच्या रकमेला का लावू नये?

आणि आपलं काय? हे ऐकणाऱ्यांत बरेच निवृत्त शिक्षक आहेत, काही जण दरवर्षी एखाद्या मुलाची फी भरणारे आहेत. त्यांना आमच्या तीन सूचना. पहिली, द्यायचं असेल तर जूनमध्ये द्या आणि पुढची किती वर्षं देणार ते त्याच दिवशी सांगा. रक्कम लहान असली तरी चालेल, ती ठरलेली असू द्या. दुसरी, सत्कार, फोटो, चेक हातात देण्याचा समारंभ, हे सगळं टाळा. मुलाला आपलं ऋण वाटावं यापेक्षा आपल्या अभ्यासाची त्याला काळजी वाटू द्या. तिसरी, ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा. आपल्या वस्तीतल्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. आठवीतल्या किती मुलांनी एनएमएमएसचा अर्ज भरला, ते विचारा. ज्यांनी भरला नाही त्यांचा भरून द्या. त्यांच्या आईवडिलांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एक दिवस तहसीलमध्ये उभे राहा. पोर्टलवर अर्ज परत आला असेल तर कोणत्या अक्षरामुळे आला ते बघा. पेन्शनर माणसाकडे वेळ असतो आणि त्याला कार्यालयाची भाषा कळते. रोजंदारीवरच्या बापाकडे या दोन्ही गोष्टी नसतात, आणि तेवढ्यामुळेच त्याच्या मुलाचे चार वर्षांचे ४८,००० रुपये बुडतात.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील ते जरूर लिहून पाठवा, विशेषतः ज्यांनी स्वतः शिष्यवृत्तीवर शिक्षण घेतलं त्यांनी. रक्कम किती होती यापेक्षा ती कोणत्या महिन्यात हातात आली आणि तोवर तुम्ही काय केलंत, हे वाचायला आम्हांला आवडेल.